झोहो बुक्समधली बाकी रोज सकाळी गुगल शीटमध्ये आपोआप कशी आणायची, टोकनसकट सगळं

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचं बिलिंग झोहो बुक्सवर (हिशोबाच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर) चालतं, पण मालकांना येणे-बाकीची यादी गुगल शीटमध्येच लागते, कारण वसुलीला जाणारा मुलगा मोबाइलवर शीट उघडतो, कुणाकडे किती येणं आहे ते बघतो आणि शेवटच्या रकान्यात 'शुक्रवारी देतो म्हणाले' असा शेरा लिहून पुढच्या पार्टीकडे जातो. तिथल्या अकाउंटंट ताई दर सोमवारी बुक्समधून एक्स्पोर्ट काढायच्या आणि शीटमध्ये पेस्ट करायच्या. एका सोमवारी मधेच दोन नवीन बिलं आली, आकडे दोन ओळी खाली सरकले, शेरे मात्र होते तिथेच राहिले, आणि ज्यांनी पैसे आधीच दिले होते त्यांनाच तगाद्याचा फोन गेला. त्यानंतर हे काम मी ऑटोमॅटिक करून दिलं, ते कसं केलं ते सगळं इथे लिहितोय. कोड फार लागत नाही, दीडशे ओळींत होतो, खरं लक्ष लागतं ते टोकन (प्रोग्रामला डेटा उघडून देणारी गुप्त किल्ली) कुठे ठेवायचं, कसं रिन्यू करायचं आणि कुणाला दिसू द्यायचं यात.

रेडीमेड कनेक्टर वापरूनही हे होतं, आणि तुमचं काम त्यात भागत असेल तर खुशाल तेच वापरा. आम्हाला शेऱ्यांचा रकाना जपायचा होता म्हणून अॅप्स स्क्रिप्टमध्ये (गुगलच्याच जागेत छोटे प्रोग्राम चालवायची सोय) स्वतः लिहिलं, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही आणि साध्या जीमेल अकाउंटवरही चालतं.

आधी टोकनचा प्रकार समजून घ्या, कारण तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. बँकेचा बेअरर चेक आठवा, ज्याच्या हातात चेक त्याला पैसे, नाव कुणी विचारत नाही. ॲक्सेस टोकन अगदी तसंच आहे, ज्याच्याकडे ते अक्षरांचं लांबलचक भेंडोळं आहे त्याला डेटा मिळतो, आणि या पद्धतीच्या टोकनला नावसुद्धा बेअरर टोकन असंच आहे. फक्त या चेकची मुदत एक तास, म्हणजे ३६०० सेकंद. मग दर तासाला नवा चेक कुठून आणायचा, तर रिफ्रेश टोकनवरून, ते म्हणजे सह्या करून ठेवलेलं चेकबुकच समजा, ते स्वतःहून संपत नाही, तुम्ही रद्द करेपर्यंत चालतं. आणि हे चेकबुक पहिल्यांदा हातात पडायला जो कोड लागतो तो ग्रँट कोड, तो एकदाच वापरता येतो आणि काही मिनिटांतच मरतो. सोबत क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट ही जोडी असते, ती तुमच्या प्रोग्रामची ओळख. सगळा ओऑथ २.० चा (पासवर्ड न देता परवानगी द्यायच्या या पद्धतीचा) खेळ एवढाच आहे.

आता कामाला लागू, पण क्रम जसा देतोय तसाच ठेवा, कारण ग्रँट कोड आधी काढून बसलात तर बाकीची तयारी होईपर्यंत तो संपलेला असतो.

पहिल्यांदा अॅप्स स्क्रिप्टचं प्रोजेक्ट. शीट उघडून एक्स्टेन्शन्सच्या मेनूतून स्क्रिप्ट काढायची सवय सगळ्यांना असते, इथे तसं करू नका. त्या मार्गाने केलेली स्क्रिप्ट शीटला बांधलेली असते, म्हणजे ज्याला शीट एडिट करता येते त्याला स्क्रिप्टही उघडता येते, आणि सेटिंगमध्ये ठेवलेली सीक्रेट्ससुद्धा वाचता येतात. आमच्याकडे शेरे लिहिण्यासाठी चार जणांना एडिट ॲक्सेस आहे, त्या चौघांच्या हातात कंपनीच्या हिशोबाचं चेकबुक देण्याचं काहीच कारण नाही. म्हणून स्क्रिप्ट डॉट गुगल डॉट कॉमवर जाऊन वेगळं स्वतंत्र प्रोजेक्ट उघडा आणि शीटचा आयडी देऊन तिथून शीटमध्ये लिहा, हा आयडी शीटच्या पत्त्यात दोन तिरप्या रेघांमध्ये असलेला तो लांब तुकडा.

प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये (डावीकडचं गिअरचं चिन्ह) टाइमझोन कोलकात्याचा आहे ना ते बघा, नाहीतर सकाळी सहाचा ट्रिगर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) भलत्याच वेळी चालेल. त्याच पानावर खाली स्क्रिप्ट प्रॉपर्टीज आहेत, क्लायंट आयडी, क्लायंट सीक्रेट, ऑर्गनायझेशन आयडी आणि शीटचा आयडी यांच्यासाठी तिथे एकेक नाव तयार करून ठेवा, किंमत नंतर भरू. कोडच्या फाइलमध्ये यातलं काहीही लिहायचं नाही, कारण कोड आपण दहा ठिकाणी चिकटवतो, मित्राला मदत मागताना पाठवतो, स्क्रीनशॉट काढतो. ऑर्गनायझेशन आयडी बुक्समध्ये उजवीकडे वरती प्रोफाइलवर क्लिक केलं की दिसतो, एकाच लॉगिनवर दोन फर्म असतील तर नीट बघून घ्या.

मग एक चार ओळींचं फंक्शन लिहा जे फक्त शीट उघडतं आणि एखाद्या बाहेरच्या पत्त्याला रिक्वेस्ट पाठवतं, आणि ते एकदा रन करा. याचा उद्देश एवढाच की गुगल परवानगी मागेल, हे ॲप व्हेरिफाय केलेलं नाही असा इशारा दाखवेल, तुम्ही अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन पुढे जाल, आणि हे सगळं आत्ताच उरकेल. ग्रँट कोड हातात असताना हा इशारा आला की लोक गडबडतात आणि कोडची मिनिटं त्यातच जातात.

आता झोहोकडे वळू. एपीआय कन्सोल (आपल्या प्रोग्रामला डेटा मागायची परवानगी देणारं झोहोचं पान) उघडायचा, पण डॉट कॉमचा की डॉट इनचा हा प्रश्न इथेच सोडवा. झोहोची डेटा सेंटर वेगवेगळ्या देशांत आहेत आणि तुमचं अकाउंट ज्या सेंटरला आहे तिथलेच पत्ते सगळीकडे वापरावे लागतात. बुक्स उघडल्यावर ब्राउझरच्या पत्त्यात झोहो डॉट इन दिसत असेल तर कन्सोल डॉट इनचा, टोकन मागायचा अकाउंट्सचा पत्ता डॉट इनचा आणि डेटा मागायचा झोहोएपीआयजचा पत्ताही डॉट इनचाच. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं डॉट कॉमची असतात, ती जशीच्या तशी उचलली की इनव्हॅलिड क्लायंट असा एरर येतो आणि माणूस सीक्रेटमध्ये चूक शोधत बसतो. टोकनच्या उत्तरात एपीआय डोमेन नावाची एक किंमत येते, मी तर तीच प्रॉपर्टीजमध्ये साठवतो आणि पुढे तोच पत्ता वापरतो, म्हणजे हाताने लिहायचा प्रश्नच नाही.

अजून एक गोष्ट, कन्सोलमध्ये कुणाच्या लॉगिनने जाताय ते महत्त्वाचं आहे. रिफ्रेश टोकन त्या माणसाच्या नावावर निघतं, त्याला बुक्समध्ये जे दिसतं तेच तुमच्या स्क्रिप्टला दिसणार, आणि उद्या त्याने नोकरी सोडली, युजर काढून टाकला, की तुमचं इंटिग्रेशनही त्याच दिवशी बंद. आम्ही मालकांना शेजारी बसवून त्यांच्या लॉगिनने केलं.

कन्सोलमध्ये ॲड क्लायंट करून सेल्फ क्लायंट निवडा, आपला प्रोग्राम स्वतःच्याच डेटासाठी आहे, बाहेरच्या लोकांना लॉगिन करायला लावायचं नाही, तेव्हा हाच प्रकार बरोबर. तयार झाला की क्लायंट आयडी आणि सीक्रेट मिळतील, ते थेट स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये टाका, मधे नोटपॅड नको, व्हॉट्सॲप तर अजिबात नको. त्यानंतर जनरेट कोडचा टॅब. तिथे स्कोप विचारतात, म्हणजे या टोकनला काय काय करता यावं. बऱ्याच उदाहरणांत फुल ॲक्सेसचा स्कोप लिहिलेला असतो, तो टाकला की सगळं चालतं खरं, पण त्या टोकनने इन्व्हॉइस डिलीटही होतो आणि बँकेच्या नोंदीही वाचता येतात. आपल्याला फक्त इन्व्हॉइस वाचायचेत, म्हणून इन्व्हॉइसेसचा रीड एवढाच स्कोप द्या. उद्या हे टोकन कुणाच्या हाती लागलंच तर तो बाकीची यादी वाचेल, ते वाईटच आहे, पण हिशोबाला हात लावू शकणार नाही. स्कोपचं नाव झोहोच्या डॉक्युमेंटेशनमधून कॉपी करा, हाताने टाइप केलं तर एखादा ठिपका चुकतोच. मुदत दहा मिनिटांची निवडा, ती सगळ्यात जास्त आहे, आणि कोड घ्या.

कोड मिळाला की तोही एका प्रॉपर्टीत टाका आणि तुमचं पहिलं खरं फंक्शन चालवा. ते अकाउंट्सच्या टोकन पत्त्यावर पोस्ट करतं आणि चार गोष्टी पाठवतं: क्लायंट आयडी, सीक्रेट, कोड, आणि ग्रँट टाइप म्हणून ऑथरायझेशन कोड. या गोष्टी पत्त्याला प्रश्नचिन्ह लावून पाठवता येतात, तशी उदाहरणंही दिसतात, पण पत्ते लॉगमध्ये साठतात, म्हणून पेलोडमध्ये (पत्त्याऐवजी रिक्वेस्टच्या आतल्या मजकुरात) पाठवा, अॅप्स स्क्रिप्टला पेलोड ऑब्जेक्ट म्हणून दिला की ती आपोआप फॉर्मच्या रूपात पाठवते. उत्तर आलं की स्टेटस २०० (म्हणजे रिक्वेस्ट ठीक) दिसला म्हणून खूश होऊ नका, बॉडी, म्हणजे उत्तराचा मजकूर, वाचून आत रिफ्रेश टोकन खरोखर आहे का ते तपासा, नसेल तर एररचा मजकूर असेल. इनव्हॅलिड कोड आला म्हणजे कोड संपला किंवा आधीच वापरून झाला, सरळ नवीन काढा. टोकन मिळालं तर प्रॉपर्टीत ठेवा, ग्रँट कोड पुसून टाका, आणि लॉगमध्ये टोकन छापायचा मोह आवरा, 'मिळालं' एवढाच शब्द छापला तरी पुरतो.

हे फंक्शन पुन्हा पुन्हा चालवायचं नाही. एका युजरला जास्तीत जास्त २० रिफ्रेश टोकन ठेवता येतात, एकविसावं काढलं की सगळ्यात जुनं आपोआप बाद होतं. टेस्टिंग करताना दर वेळी नवं काढत राहिलात तर एक दिवस तुमचं चालू असलेलं दुसरंच इंटिग्रेशन बंद पडेल आणि कारण सापडता सापडणार नाही.

आता रोजचा कारभार. मी पहिल्यांदा असं काम केलं होतं तेव्हा ॲक्सेस टोकन थेट कोडमध्ये चिकटवलं, संध्याकाळी मस्त चाललं, समोरच्यांना दाखवलं, सगळे खूश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शीट रिकामी, लॉगमध्ये ४०१, म्हणजे टोकन मान्य नाही. तासाभराची मुदत वाचली होती पण मनावर घेतली नव्हती. तेव्हा ॲक्सेस टोकन देणारं एक वेगळं फंक्शन करा आणि बाकी सगळा कोड त्यालाच टोकन मागेल असं ठेवा. ते आधी कॅशमध्ये (थोड्या वेळापुरत्या साठवणीत) बघतं, तिथे असलं तर तेच देतं, नसलं तर रिफ्रेश टोकन पाठवून नवं घेतं (ग्रँट टाइप आता रिफ्रेश टोकन) आणि कॅशमध्ये ३००० सेकंदांसाठी ठेवतं. पूर्ण ३६०० ठेवू नका, शेवटच्या मिनिटाला उचललेलं टोकन वाटेतच मरतं. प्रत्येक रिक्वेस्टला नवं टोकन काढणं तर अजिबात नको, थोड्या वेळात फार मागितली की समोरून मनाई होते.

डेटाच्या रिक्वेस्टला ऑथरायझेशनचा हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी ओळखीची ओळ) लागतो. बहुतेक सर्व्हिसेसमध्ये तिथे बेअरर, एक स्पेस आणि टोकन असं लिहितात, पण झोहोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बेअररच्या जागी झोहो हायफन ओऑथटोकन हा शब्द आहे, तोच वापरा. ४०१ आला तर कॅशमधलं टोकन फेका, एकदा नवं घ्या, तीच रिक्वेस्ट एकदाच परत पाठवा. दुसऱ्यांदाही ४०१ आला तर थांबा आणि एरर फेका, कारण मग मुदतीचा प्रश्न नसून स्कोप, युजर किंवा रद्द झालेल्या टोकनचा आहे, लूपमध्ये आपटत राहून काही मिळत नाही. ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) आला तर जरा थांबून परत. एका ऑर्गनायझेशनला मिनिटाला १०० रिक्वेस्टची मर्यादा आहे, शिवाय प्लॅनप्रमाणे दिवसाचीही असते, पण एका पानात २०० इन्व्हॉइस येतात, म्हणजे हजार बिलांना पाच रिक्वेस्ट, आपण त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

पानांचं मात्र विसरू नका, पहिलं पान आणून काम झालं असं वाटतं आणि २०० च्या पुढची बिलं कुणाच्या लक्षातच येत नाहीत. उत्तरात पेज कॉन्टेक्स्ट असतो, त्यात अजून पान आहे की नाही ते खरं-खोटं असं लिहिलेलं येतं, ते खोटं येईपर्यंत पुढचं पान मागत राहायचं.

रोज सगळी बिलं आणायची गरज नाही, शेवटचा बदल कधी झाला या वेळेवरून गाळून फक्त बदललेली मागता येतात. इथे बारीक अडचण आहे. वेळ लिहिताना शेवटी अधिक ०५३० असं येतं, आणि पत्त्यात अधिकचं चिन्ह तसंच टाकलं तर समोर ते स्पेस म्हणून वाचलं जातं, म्हणून ती किंमत एन्कोड करूनच पाठवा. पुढच्या वेळेसाठी जी वेळ साठवायची ती रन सुरू झाल्याची, संपल्याची नव्हे, आणि तीही सगळं शीटमध्ये नीट लिहून झाल्यावरच साठवा, म्हणजे मधेच काही फाटलं तर उद्या तिथूनच परत सुरू होईल. मी त्यातून अजून पाच मिनिटं मागे जातो, एखादं बिल दोनदा आलं तरी बिघडत नाही, कारण आपण ओळ जुळवूनच लिहिणार आहोत.

ही ओळ जुळवणं म्हणजे या सगळ्याचा जीव, ज्यासाठी हे केलं ते इथे आहे. शीटचा पहिला रकाना इन्व्हॉइस आयडीचा. इन्व्हॉइस नंबर नव्हे, नंबर बुक्समध्ये बदलता येतो, आयडी बदलत नाही. प्रत्येक रनला आधी हा रकाना वाचायचा, कुठला आयडी कितव्या ओळीत आहे त्याचा नकाशा मेमरीत करायचा, आणि आलेलं बिल त्यात असेल तर त्याच ओळीचे ए ते जी (A ते G) असे सात रकाने बदलायचे (आयडी, नंबर, पार्टी, तारीख, ड्यू डेट, बाकी, स्टेटस), नसेल तर खाली नवी ओळ. आठव्या रकान्यात शेरा, तिकडे स्क्रिप्टने फिरकायचंच नाही. मुलाने मधे शीट पार्टीच्या नावाने सॉर्ट केली तरी अख्खी ओळ हलते, शेरा बिलासोबतच राहतो. आणि आयडीचा रकाना लिहायच्या आधी प्लेन टेक्स्ट करून ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे, झोहोचे आयडी अठरा-एकोणीस आकड्यांचे असू शकतात आणि शीट आकडा म्हणून पंधरा आकड्यांपर्यंतच खरं धरते, पुढचे आकडे शून्य होऊन जातात, मग दोन वेगळी बिलं एकाच आयडीची दिसायला लागतात किंवा एकच बिल रोज नव्याने खाली चिकटत राहतं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी चौतीस ओळी दुहेरी दिसल्या त्या ह्यामुळेच.

सेल एकेक करून लिहू नका, सगळा बदल मेमरीत करून एकदम लिहा, अॅप्स स्क्रिप्टचा एक रन सहा मिनिटांत संपायला लागतो. आणि ताईंनी हाताने रन दाबलं त्याच वेळी ट्रिगरही चालला तर दोघे एकमेकांच्या ओळींवर लिहितील, म्हणून सुरुवातीला लॉक (एका वेळी एकच रन चालू देणारं कुलूप) घ्या, मिळाला नाही तर गुपचूप परत फिरा.

डिलीट केलेली बिलं या बदललेल्यांच्या यादीत येत नाहीत, त्यासाठी रविवारी एक पूर्ण फेरी ठेवा, सगळी बिलं आणा आणि शीटमध्ये आहे पण तिकडे नाही अशा ओळींच्या स्टेटसमध्ये 'बुक्समध्ये नाही' लिहा. ओळ उडवू नका, तिच्यात कुणाचा तरी शेरा आहे.

आता ट्रिगर, रोज सकाळी सहा ते सातच्या मधे. नेमकं किती वाजता ते गुगल ठरवतं, त्या तासात कधीही चालतो. ट्रिगर लावताना फेल झाल्यास कधी कळवायचं हे विचारतात, तिथे लगेच कळवा असं निवडा. पण लक्षात घ्या, एरर स्टेटस हाताळायला आपण एचटीटीपी एक्सेप्शन म्यूट केलेली असतात (म्हणजे समोरून एरर आला तरी स्क्रिप्ट थांबत नाही), त्यामुळे चुकीचं उत्तर येऊनही फंक्शन शांतपणे संपलं तर गुगलच्या लेखी सगळं ठीकच आहे आणि मेल येणार नाही. जिथे जिथे काम अडलं तिथे स्वतःहून एरर फेकायला पाहिजे. शिवाय शीटच्या वरच्या ओळीत 'शेवटचं अपडेट' असं लिहून रन यशस्वी झाल्याची तारीख-वेळ टाका, ती मला नाही, वसुलीला जाणाऱ्या मुलाला लागते, कालची तारीख दिसली की तो निघायच्या आधी ताईंना विचारून घेतो.

पहिल्या आठवड्यात रोज एकदा बेरीज जुळवून बघा. ड्राफ्ट (कच्ची) आणि व्हॉइड (रद्द) बिलं सोडून शीटमधल्या बाकीची बेरीज आणि बुक्समधल्या इन्व्हॉइसच्या रिपोर्टमधली बाकी, रुपयाला रुपया. डॅशबोर्डवरच्या येण्याच्या आकड्याशी ताडू नका, तिथे ओपनिंग बॅलन्ससारख्या इतर गोष्टीही धरलेल्या असू शकतात. डॉलरमधली बिलं असतील तर करन्सीचा रकाना वाढवा, बाकी बिलाच्याच करन्सीत येते.

आणि कुणाला हे सोपवायच्या आधी एकदा टोकन मुद्दाम रद्द करून बघा. झोहोचा रिव्होकचा पत्ता आहे, त्याला रिफ्रेश टोकन पाठवलं की ते बाद होतं. मग कॅश रिकामी करा, थोड्याच मिनिटांनंतरच्या वेळेचा ट्रिगर लावून तो चालू द्या (हाताने रन दाबलं तर हा मेल येत नाही), मेल येतोय का बघा, शीटमधले जुने आकडे आणि शेरे जसेच्या तसे राहिलेत का बघा. नंतर नवा ग्रँट कोड काढून परत जोडा. आम्ही हे मालक आणि ताई दोघांना समोर बसवून केलं, आणि परत जोडायच्या पायऱ्या ताईंनी स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतल्या, कुठलं पान उघडायचं, कुठला स्कोप, कुठल्या लॉगिनने, टोकन मात्र वहीत लिहिलं नाही.